बागेतील पंचांग

पंचांग म्हटले म्हणजे तिथी, वार, नक्षत्र, योग आणि करण ही पाच अंगे सांगणारी छापील पोथी आपल्या डोळ्यांपुढे येते. परंतु आपल्या परसात, शाळेच्या आवारात किंवा गावाबाहेरच्या माळावर आणखी एक पंचांग सदैव उघडलेले असते. झाडेझुडपे, पक्षी, मुंग्या आणि वारा ही त्यातील अक्षरे होत. ज्या काळी गावात एखाद्याच घरी छापील पंचांग असे आणि ते वाचता येणारी माणसे त्याहूनही थोडी असत, त्या काळी आपले पूर्वज हे दुसरे पंचांग वाचून शेताची कामे ठरवीत. जे वाचले ते विसरू नये म्हणून त्यांनी त्याच्या म्हणी केल्या. या पाठात आपण वसंत ऋतूच्या खुणा पाहणार आहोत आणि त्या जुन्या म्हणींपैकी काहींची परीक्षा घेणार आहोत. परीक्षा अशासाठी, की एके काळी या म्हणींवर माणसे आपले वर्षाचे धान्य पणाला लावीत असत. आणि ज्यांची शेती केवळ पावसावर आहे, त्यांच्यापुढे तो प्रश्न आजही उभा आहे.

चैत्र आणि वैशाख हे वसंत ऋतूचे महिने होत. भारत सरकारने १९५७ साली स्वीकारलेल्या राष्ट्रीय दिनदर्शिकेत चैत्राचा पहिला दिवस २२ मार्चला, आणि लीप वर्षी २१ मार्चला येतो. त्या सुमारास दिवस आणि रात्र जवळजवळ सारख्या असतात. बागेत मात्र वसंत असा एका दिवशी येऊन उभा राहत नाही. माघ शुद्ध पंचमीस आपण वसंतपंचमी म्हणतो. तेव्हापासून त्याची चाहूल लागते आणि वैशाखापर्यंत त्याचे एकेक पाऊल पुढे पडत असते.

त्याचे पहिले पाऊल म्हणजे पानगळ. हे ऐकून तुम्हांस नवल वाटेल. नव्या पालवीचा ऋतू जुन्या पानांच्या गळण्याने कसा सुरू व्हावा? त्याचे कारण असे. पानांवर अतिशय सूक्ष्म छिद्रे असतात आणि त्यांतून झाडातील पाणी वाफेच्या रूपाने सारखे बाहेर जात असते. पावसाळा संपून तीनचार महिने लोटले की जमिनीचा वरचा थर कोरडा पडतो. अशा वेळी जुनी, झिजलेली पाने अंगावर बाळगणे झाडाला परवडत नाही. ते पानाच्या देठाशी बुचासारखा एक पातळ थर तयार करते आणि पान आपोआप सुटून खाली येते. तुम्ही गळलेले पान उचलून त्याचे देठ पाहा. ते तोडल्यासारखे फाटलेले नसते, तर स्वच्छ बुजलेले असते. झाडाने खर्च कमी केला आहे, ही त्याची खूण होय.

पाने गळून गेली की काटेसावर, पांगारा आणि पळस ही झाडे उघड्या फांद्यांवर फुलू लागतात. फुलांना आड येणारे एकही पान नसल्यामुळे ती दुरून दिसतात. मैना, बुलबुल, सूर्यपक्षी, कावळे यांची त्या झाडांवर एकच गर्दी उसळते. मध पिण्यासाठी आलेल्या या पाहुण्यांच्या चोचींना आणि डोक्यांना पराग लागतो व तो एका फुलावरून दुसऱ्या फुलावर जातो. पळसाचे फूल हातात घेऊन पाहिले, तर त्याची वाकडी पाकळी पोपटाच्या चोचीसारखी दिसते.

पळसावरून एक म्हण सर्वांच्या तोंडी आहे : "कोठेही गेले तरी पळसाला पाने तीनच." माणसाचा स्वभाव सगळीकडे सारखाच, असा तिचा अर्थ आपण घेतो. परंतु अर्थ बाजूला ठेवून नुसती म्हण तपासून पाहा. चैत्रात पळसाला नवी पाने फुटली म्हणजे कोकणातला, देशावरचा आणि विदर्भातला पळस पाहा. सर्वत्र तीनतीनचाच जोड आढळेल. वनस्पतिशास्त्र त्यात एवढीच भर घालील, की ती तीन निरनिराळी पाने नसून एकाच संयुक्त पानाच्या तीन पर्णिका आहेत. म्हणजे ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली, त्याने एका झाडावरून निष्कर्ष काढला नाही. त्याने अनेक गावांचे पळस पाहिले असले पाहिजेत. चांगली म्हण अशी तयार होते.

फाल्गुन संपता संपता पिंपळाला पालवी फुटते. ही पालवी आरंभी हिरवी नसून तांबूस असते. कोवळ्या पानात हिरवे द्रव्य पुरेसे तयार होण्यापूर्वी तांबडे द्रव्य भरलेले असते आणि ते त्या नाजूक पानाचे प्रखर उन्हापासून रक्षण करते. सह्याद्रीच्या रानात कुसुंबाचे झाड याच सुमारास असे लाल होते, की दुरून पाहणाऱ्यास ते फुललेच आहे असे वाटावे. कडुनिंबाला पोपटी पाने येतात आणि पाठोपाठ पांढरी, बारीक, मंद वासाची फुले येतात. गुढीपाडव्याला आपण कडुनिंबाची पाने खातो, तेव्हा ती अगदी कोवळी असतात. तो सण आणि ती पालवी यांची गाठ आपल्या पूर्वजांनी जाणूनच घातली असेल. आंब्याचा मोहोर पौष-माघातच येऊन गेलेला असतो व चैत्रात त्याच्या जागी कैऱ्या लोंबू लागतात. मोहोराच्या दिवसांत हवा ढगाळ व दमट झाली, की बागाईतदाराच्या पोटात गोळा येतो. कारण तशा हवेत तुडतुडे आणि भुरी यांचा जोर होऊन मोहोर गळतो. अंगणात मोगरा कळ्या धरतो. पांढऱ्या चाफ्याच्या निष्पर्ण बोटांच्या टोकांवर फुलांचे झुबके येतात.

आणि मग एके दिवशी पहाटे कोकीळ बोलू लागतो. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आपण सहज 'कोकिळा गाते' असे म्हणतो, परंतु 'कुहू कुहू' हा चढत जाणारा स्वर नराचा असतो. नर काळाभोर, लाल डोळ्यांचा असतो. मादी तपकिरी रंगाची असून तिच्या अंगावर पांढरे ठिपके असतात. कोकिळेची जोडी स्वतः घरटे बांधीत नाही. मादी आपली अंडी कावळ्याच्या घरट्यात घालते. कावळे चैत्र-वैशाखात घरटी बांधावयास लागतात, म्हणून कोकिळाच्या गाण्याचाही तोच हंगाम ठरतो. अशा रीतीने या पंचांगात एक अक्षर दुसऱ्याशी जोडलेले असते.

आता एक प्रश्न तुमच्या मनात आला असेल. वैशाखाचे ऊन रणरणत असते, विहिरी तळाला गेलेल्या असतात, पाऊस येण्यास अजून महिना-दीड महिना असतो. अशा वेळी झाडांना पालवी फुटते ती कशाच्या बळावर? आणि वेळ झाली हे त्यांना सांगते कोण?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर जमिनीखाली आहे. मोठ्या झाडांची मुळे वरच्या कोरड्या थरातून खाली उतरून खोल थरात उरलेल्या ओलाव्यापर्यंत पोहोचलेली असतात. शिवाय काही झाडे आपल्या खोडातही पाणी साठवून ठेवतात. जुनी पाने टाकून जे पाणी वाचले, ते नव्या पालवीच्या कामी येते. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आकाशात आहे. पुण्यासारख्या ठिकाणी डिसेंबरच्या अखेरीस दिवस सुमारे ११ तासांचा असतो. जूनच्या अखेरीस तो सव्वातेरा तासांचा होतो. दिवसाच्या या वाढत्या लांबीची जाणीव अनेक झाडांना होते. उष्णता एखाद्या वर्षी लवकर वाढते, एखाद्या वर्षी उशिरा. पण दिवसाची लांबी दरवर्षी ठरलेल्या तारखेला तेवढीच असते. पाऊस येण्यापूर्वी पालवी तयार ठेवण्यात झाडाचा मोठा लाभ आहे. पहिली सर कोसळते तेव्हा त्याची पाने कामाला सज्ज असतात आणि ओल्या दिवसांपैकी एकही दिवस वाया जात नाही.

शेतकऱ्यालाही नेमके हेच साधावयाचे असते. पाऊस येण्यापूर्वी नांगरट, कुळवणी आणि बियाणे सिद्ध असले पाहिजे. म्हणून तो झाडांकडे पाहू लागला आणि त्यांतून ऋतूंच्या म्हणी जन्मास आल्या. या म्हणी यमक साधून का रचल्या जात, हेही उघड आहे. लिहिता न येणाऱ्या माणसाची वही म्हणजे त्याची स्मृती, आणि यमक साधलेले वाक्य स्मृतीत पक्के बसते.

पावसाची चिंता आपल्या देशाला फार प्राचीन काळापासून आहे. कौटिल्याच्या 'अर्थशास्त्र' या ग्रंथात कोठारापाशी एक भांडे ठेवून पावसाचे माप घ्यावे, असे सांगितले आहे. कोणत्या प्रदेशात किती पाऊस पडतो, हेही तेथे दिले आहे. त्यात अश्मक देशापेक्षा, म्हणजे गोदावरीच्या काठच्या प्रदेशापेक्षा, अवंतीत अधिक पाऊस सांगितला असून अपरांताचा, म्हणजे कोकणाचा, पाऊस अमाप म्हटला आहे. सहाव्या शतकातील ज्योतिषी वराहमिहिर याने 'बृहत्संहिता' या ग्रंथात पावसाच्या खुणांसाठी आणि झाडाफुलांवरून पिकाचे अनुमान करण्यासाठी स्वतंत्र अध्याय लिहिले. मुंग्या अंडी हलवू लागल्या तर पाऊस जवळ आला, ही खूण त्याने नोंदली आहे. पण त्याबरोबर एक अटही घातली आहे, की मुंग्यांना कोणी त्रास दिलेला नसावा. ही अट फार मोलाची आहे. वारुळाला काठीने डिवचले तरीही मुंग्या अंडी घेऊन धावतातच. खूण खरी केव्हा मानावी आणि केव्हा मानू नये, याचा विचार करणारा तो निरीक्षक होता.

आता आपण म्हणींकडे वळू. प्रथम ध्यानात घ्यावयाची गोष्ट ही, की सर्व म्हणी एकाच घड्याळावर चालत नाहीत. काही चंद्राच्या, काही नक्षत्रांच्या, तर काही झाडांच्या घड्याळावर चालतात.

"होळी जळाली, थंडी पळाली," ही म्हण चंद्राच्या घड्याळाची आहे, कारण होळी फाल्गुन पौर्णिमेस येते. चांद्र वर्ष सौर वर्षाहून सुमारे ११ दिवसांनी लहान असते. ते मेळात आणण्यासाठी मधूनमधून अधिक महिना धरावा लागतो. त्यामुळे होळी मागेपुढे सरकते. २०१८ साली होळी १ मार्चला होती, तर २०२१ साली ती २८ मार्चला होती. म्हणजे सत्तावीस दिवसांचे अंतर पडले. थंडीला तर तिथी ठाऊक नसते. तेव्हा ही म्हण एका वर्षी अगदी बरोबर ठरेल, एका वर्षी होळीनंतरही पहाटे पांघरूण घ्यावे लागेल, आणि एका वर्षी होळीच्या कितीतरी आधीच उकाडा सुरू झालेला असेल. म्हण खोटी नव्हे. ती ढोबळ आहे. एवढे समजून तिचा उपयोग करावा.

मकरसंक्रांतीपासून दिवस तिळातिळाने वाढतो, असे आपण म्हणतो. हे नक्षत्रांचे, म्हणजे ताऱ्यांच्या संदर्भातले घड्याळ होय. आज संक्रांत १४ किंवा १५ जानेवारीस येते, पण दिवस वाढू लागतो तो २२ डिसेंबरच्या सुमारास. मग आपल्या पूर्वजांचे निरीक्षण चुकले काय? नाही. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्याप्रमाणे अतिशय संथपणे डोलतो. त्यामुळे सूर्याचा ताऱ्यांमधील प्रवास आणि ऋतूंचे चक्र यांत सुमारे ७२ वर्षांना एका दिवसाचा फरक पडत जातो. सुमारे सतराशे वर्षांपूर्वी संक्रांत आणि सर्वांत लहान दिवस ही दोन्ही एकत्र येत असत. तेव्हा ते वाक्य अक्षरशः खरे होते. घड्याळ सावकाश सरकले आणि वाक्य मात्र जागच्या जागी राहिले.

पावसाच्या बहुतेक म्हणी याच घड्याळावरच्या आहेत. सूर्य एकेका नक्षत्रात तेरा-चौदा दिवस असतो. तो ७ किंवा ८ जूनला मृग नक्षत्रात येतो आणि तेथून हस्तापर्यंतची नऊ नक्षत्रे पावसाची मानली जातात. शेतकऱ्यांनी त्या नक्षत्रांच्या पावसाला मोठी गमतीची नावे दिली आहेत. पुनर्वसूचा पाऊस हा 'तरणा' पाऊस, पुष्याचा तो 'म्हातारा' पाऊस, आणि हस्ताचा तो 'हत्तीचा' पाऊस. हत्ती सोंडेने पाणी उडवतो तसा गडगडाटासह कोसळणारा पाऊस ज्याने पाहिला आहे, त्याला या नावाचा अर्थ सांगावा लागत नाही.

"पडतील उत्तरा, तर भात खाईना कुत्रा," अशी एक म्हण आहे. भात इतका पिकेल, की कुत्र्यालाही त्याचे अप्रूप राहणार नाही, असा तिचा अर्थ. उत्तरा नक्षत्र १३ सप्टेंबरच्या सुमारास लागते. त्या वेळी भाताच्या लोंबीत दाणा भरत असतो आणि त्याला पाण्याची गरज असते. म्हणीत तथ्य आहे. परंतु काही ठिकाणी हीच म्हण 'उत्तरा'च्या जागी 'चित्रा' घालून म्हणतात, आणि चित्रा नक्षत्र १० ऑक्टोबरच्या सुमारास लागते! दोहोंपैकी खरी कोणती? कोकणातील शेतकरी तुम्हांला सांगेल, की भाताचे हळवे, निमगरवे आणि गरवे असे प्रकार असतात. हळवे भात लवकर पिकते. चित्रांचा पाऊस आला तर ते उभे पीक आडवे होते. गरवे भात उशिरा पिकते. त्याला तोच पाऊस उपकारक होतो. म्हण ऐकल्याबरोबर ती कोणत्या गावची, कोणत्या जमिनीची आणि कोणत्या वाणाची, हे विचारावे, ते यासाठी.

"पडतील स्वाती, तर पिकतील मोती," या म्हणीचेही तसेच आहे. ऑक्टोबरच्या अखेरीस स्वाती नक्षत्रात एकदोन सरी आल्या, तर देशावरच्या काळ्या जमिनीतील रब्बी ज्वारीला आणि हरभऱ्याला त्या मोत्यांसारख्या वाटतात. पण त्याच सरी नाशिककडील द्राक्षबागांवर आल्या, तर छाटणीनंतर फुटलेल्या कोवळ्या घडांवर रोग पडतो आणि बागाईतदार हवालदिल होतो. ज्या काळी म्हण झाली, त्या काळी तेथे आजच्यासारख्या दूरवर पसरलेल्या द्राक्षबागा नव्हत्या. पीक बदलले की म्हणीचा अर्थही बदलतो.

तिसरे घड्याळ झाडांचे आणि प्राण्यांचे. हे वसंतात सर्वांत स्पष्ट ऐकू येते. वैशाखात बहावा फुलतो. त्याच्या पिवळ्या झुंबरांनी सारे झाड भरून जाते. बहावा फुलला म्हणजे दीड-दोन महिन्यांत पाऊस येतो, असे लोक सांगतात. पावशा पक्षी आमराईतून ओरडू लागतो आणि त्याच्या ओरडण्यात शेतकऱ्याला 'पेर्ते व्हा, पेर्ते व्हा' हे शब्द ऐकू येतात. कावळ्याने घरटे आंब्यासारख्या दाट झाडावर बांधले तर पाऊसकाळ चांगला, काटेरी झाडावर बांधले तर बेताचा, असेही अनेक गावांत म्हणतात.

या खुणांची परीक्षा कशी घ्यावी? एक साधा नियम सांगतो. जी खूण चांगल्या वर्षीही दिसते आणि वाईट वर्षीही दिसते, ती चांगले वर्ष आणि वाईट वर्ष यांतील भेद सांगू शकत नाही. १९७२ साली महाराष्ट्रात मोठा दुष्काळ पडला. २००९ साली जून महिन्यात देशभरात मिळून सरासरीच्या निम्म्याच्या आसपासच पाऊस झाला. त्या वर्षांच्या वैशाखातही बहावा फुलल्यावाचून राहिला नसेल. पावशाही ओरडला असेल. बहावा वाढत्या उन्हाबरोबर फुलतो. पावशा ओरडतो तो आपल्या विणीच्या हंगामामुळे. तोही कोकिळाप्रमाणे दुसऱ्याच्या, बहुधा सातभाईंच्या, घरट्यात अंडी घालणारा पक्षी आहे. ही दोघेही 'पावसाचा ऋतू जवळ आला' हे खरेच सांगतात. 'यंदा पाऊस वेळेवर आणि पुरेसा येईल' असे मात्र ती सांगत नाहीत. कान देऊन ऐकणाऱ्याने त्यांचे बोलणे तेवढेच घ्यावे, त्यात आपली आशा मिसळू नये.

याउलट काही खुणा लहान असल्या तरी भरवशाच्या असतात, कारण त्यांचे कारण आपणांस ठाऊक आहे. स्वयंपाकघरातील मिठाला पाणी सुटते, कारण हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतील पाणी ओढून घेते. देशावर कडक उन्हाळ्यानंतर मीठ ओलसर झाले, तर समुद्राकडची दमट हवा आत आली आहे, असे समजावे. कोकणात समुद्रकाठी मात्र मीठ एरवीही ओलसर असते. तेथे ही खूण निरुपयोगी ठरते. चंद्राभोवती खळे पडते, ते फार उंचावरील ढगांतील हिमकणांमुळे. असे ढग पुष्कळदा मोठ्या ढगांच्या पुढे धावतात, म्हणून खळ्यामागून पाऊस येण्याचा संभव असतो. पण नेहमीच येतो असे नाही. चातक पक्ष्याचे पुष्कळ थवे आफ्रिकेच्या बाजूने मोसमी वाऱ्यांच्या सुमारास येतात. त्यांचे येणे हे वाऱ्याशीच निगडित असल्यामुळे ती खूण विचारात घेण्याजोगी आहे.

हे सर्व तपासण्यात केवळ करमणूक नाही. एका शेतकऱ्याचा विचार करा. त्याने उसनवारी करून बियाणे आणले आहे. बहावा फुलून गेला आहे, पावशा ओरडतो आहे आणि "मृगाआधी पेरावे अन् बोंबेआधी पळावे," ही म्हण त्याला पाठ आहे. वळवाची एक जोरदार सर येते, माती ओली होते आणि तो पेरणी करतो. बी उगवते. पुढे पंधरा दिवस पाऊस फिरकत नाही. इवलाले अंकुर उन्हात करपतात आणि त्याला पुन्हा बियाणे आणून दुबार पेरणी करावी लागते. कित्येकदा दुसऱ्या पेरणीपुरते पैसे घरात नसतात. ती म्हण ज्यांनी केली, ते मूर्ख नव्हते. कोकणात आजही भाताचे बी पावसाआधी कोरड्या मातीत पेरतात. त्याला धूळवाफ पेरणी म्हणतात. तेथे पाऊस बहुधा हमखास आणि भरपूर येतो, म्हणून ती रीत चालते. तीच म्हण उचलून कमी पावसाच्या माळरानावर नेली, तर ती घात करते. म्हणूनच कोरडवाहू शेतकऱ्यांना कृषितज्ज्ञ सांगतात, की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणीची घाई करू नये. वळवाची सर आणि मोसमी पाऊस यांतील भेद ओळखणे, हा या सल्ल्याचा गाभा आहे.

आज या कामी आपल्याला शास्त्राचे मोठे साहाय्य आहे. भारतीय हवामान खात्याची स्थापना १८७५ साली झाली. १९२८ साली त्याचे मुख्य कार्यालय शिमल्याहून पुण्यास आले. पुढे ते दिल्लीस गेले, तरी पुण्यातील त्या परिसराला लोक अजूनही 'सिमला ऑफिस' म्हणतात. गावोगावची पर्जन्यमापके, समुद्रावरील नोंदी आणि आकाशातील उपग्रह यांच्या योगाने मोसमी वारे कोठवर आले, हे रोजच्या रोज कळते. हे वारे साधारणपणे १ जूनच्या सुमारास केरळात आणि त्यानंतर आठदहा दिवसांत महाराष्ट्रात येतात. मृग नक्षत्र लागण्याचा आणि मोसमी वारे येण्याचा काळ आजही असा जवळजवळ आहे. पूर्वजांचे निरीक्षण किती काळजीपूर्वकचे होते, हे यावरून दिसते. परंतु हवामान खात्याचा अंदाजही मोठ्या प्रदेशाचा असतो. तुमच्या शिवारात, तुमच्या ओढ्याकाठी काय चालले आहे, ते पाहावयाचे काम अखेर तुमचेच असते.

मुलांनो, यासाठी प्रत्येकाने एक वही करावी. तिच्यात रोज सायंकाळी एकच ओळ लिहावी. आवारातील कोणत्या झाडाचे पहिले पान गळाले, पहिले फूल कधी आले, कोकीळ प्रथम कोणत्या तारखेस ऐकला, बहावा कधी फुलला, पहिली वळवाची सर कधी आली आणि खरा पाऊस कधी लागला, हे तारखेनिशी नोंदवावे. जे पाहिले तेवढेच लिहावे. ऐकलेले निराळ्या पानावर लिहावे. एका वर्षाच्या नोंदीवरून काहीही ठरवू नये. पाच वर्षांनी वही उघडून पाहिली, म्हणजे कोणती म्हण तुमच्या गावाला लागू पडते आणि कोणती पडत नाही, हे तुम्हांला स्वतःला सांगता येईल. घरातील आजोबा-आजींना म्हणी विचाराव्यात आणि त्या आदराने लिहून घ्याव्यात. त्या म्हणी म्हणजे आपल्याआधी या मातीत राबलेल्या माणसांच्या वह्या आहेत. त्यांच्यापाशी कागद नव्हता, म्हणून तारखा लिहावयाच्या राहून गेल्या. त्या लिहिण्याचे काम आता तुमच्याकडे आले आहे.

स्वाध्याय

१. पुढील प्रश्नांची उत्तरे दोन-तीन वाक्यांत लिहा.
(अ) पानगळ ही वसंताची पहिली खूण आहे, असे लेखक का म्हणतो?
(आ) मुंग्यांच्या खुणेला वराहमिहिराने कोणती अट घातली आहे? ती का महत्त्वाची आहे?
(इ) 'होळी जळाली, थंडी पळाली' ही म्हण दरवर्षी सारखीच खरी का ठरत नाही?

२. 'पडतील स्वाती, तर पिकतील मोती' या म्हणीकडे ज्वारीचा शेतकरी आणि द्राक्षांचा बागाईतदार कसे पाहतील, ते आपल्या शब्दांत लिहा.

३. पाठात आलेल्या पावसाच्या खुणांचे दोन गट करा : (अ) ज्यांचे कारण सांगता येते अशा, (आ) ज्या चांगल्या व वाईट अशा दोन्ही वर्षी दिसतात अशा.

४. आपल्या गावातील वडीलधाऱ्या माणसांकडून ऋतूंविषयीच्या तीन म्हणी मिळवा. प्रत्येक म्हण कोणत्या घड्याळावर चालते, ते लिहा.

५. आजपासून एक महिनाभर आपल्या परिसरातील एकाच झाडाचे रोज अवलोकन करा व त्याची नोंदवही वर्गात वाचून दाखवा.